किटल्यांचा ओटा

आमच्या स्टेशनची जुनी दगडी इमारत पाडणार असं कळलं, तेव्हा आयुष्यात तिच्याकडे मान वळवून न पाहिलेल्यांनाही तिचा पुळका आला. मलाही आलाच. बचाव समितीच्या बैठकांना मी तळेगावहून लोकलने यायचे आणि कमानी, कौलं, तिकीटखिडकीची सागवानी चौकट यांवर हिरिरीने बोलायचे.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कौतुकाने सांगायला गेले तर म्हणाले, "इमारतीत आमाला कोन जाऊ देत हुतं? ऱ्हायली काय अन् पडली काय. ओट्याचं काय करनार त्ये सांग."

इमारतीच्या भिंतीला लागून एक बसका दगडी ओटा आहे. आबा आणि त्यांच्या जोडीचे दूधवाले पहाटे वाड्यावाड्यांतून दूध गोळा करून आणायचे आणि लोकल येईपर्यंत किटल्या त्यावर ठेवायचे. वर्षानुवर्षं बुडं घासून दगडात गोल खळगे पडले होते. ज्याचा खळगा त्याचाच. कोणी आजारी पडला, कोणाची म्हैस आटली, तरी त्याच्या जागी दुसरा किटली टेकवत नसे. दाटी झाली तर खाली फलाटावर ठेवतील, पण तिथे नाही. माणूस गेला तरी त्याची जागा तशीच राहायची. आबांची जागा तिसऱ्या खिडकीखाली. गुडघे गेल्यापासून त्यांचं स्टेशन सुटलं होतं, पण "एकदा माज्या जाग्यावर नेऊन बशीव" हे पालुपद काही सुटलं नव्हतं.

समितीच्या दुरुस्तीच्या नकाशातही ओटा नव्हताच, तिथे स्टीलचे बाक येणार होते. मग मात्र मी समितीत कचाकचा भांडले. कमानींचं काय ते करा, पण ओट्याला हात लावू नका, असं म्हटल्यावर एका काकांनी माझं नावच किटलीबाई ठेवलं. ठेवू देत. ओटा राहिला, इमारतही राहिली.

दुरुस्त इमारतीच्या उद्घाटनाच्या आधी जुन्या दूधवाल्यांची मुलं श्रमदानाला आली. आता त्यांतलं कोणी कंपनीत आहे, कोणी लोहगडवाडीला हॉटेल चालवतं. त्यांनी भिंतीतली रोपटी उपटली, जळमटं काढली, फरशी धुतली. आणि म्हाताऱ्यांना बसताना टोचू नये म्हणून, अगदी मायेने, ओट्यावरचे सगळे खळगे सिमेंटने बुजवून वरून घोटून टाकले.

"ताई, बगा आता कसं गुळगुळीत झालंय," एकजण म्हणाला. मला रडूच आलं. रागवायचं तरी कोणावर?

आबांना सांगायचा मला धीर झाला नाही. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना रिक्षाने नेलं. त्यांनी ओट्यावरून हळूहळू हात फिरवला. मग वर खिडक्यांकडे पाहिलं आणि तिसरीखाली जाऊन बसले. त्यांच्या वेळचे उरलेले दूधवाले काठ्या टेकत आले, तेही असेच भिंतीकडे बघत आपापल्या ठिकाणी बसले. मध्ये मध्ये जागा मोकळ्या राहिल्या.

पाहुणे येईनात. उभं राहून माझी कंबर धरली. मी आबांशेजारच्या मोकळ्या जागेत टेकणार, तोच त्यांनी हात आडवा घातला.

"तितं न्हाई."

ती त्यांच्या जिवलग जोडीदाराची जागा होती. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"आबा, खळगे तर बुजवलेत ना," मी म्हटलं.

"बुजवू दे की. त्येची जागा कुटं जातीया?"

मी उभीच राहिले. मनातून मात्र बरं वाटलं. थोड्या वेळाने आबा गुडघ्यावर हात रोवून कण्हत एका अंगाला सरकले आणि शेजारी ओट्यावर थाप मारली.

"ये, माज्यात बस. मावतो आपुन दोगं."