उजव्या पंखाचे सहा मिलिमीटर

"पोरीनं कापलंय व्हय? मग कमी पडणारच की, मर्दा."

बाहेर व्हरांड्यात काका हसले. हे काका म्हणजे पप्पांचे फाउंड्रीतले जुने सोबती. पप्पा लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागांचे नमुने, करायचे आणि काका त्या नमुन्यांवरून वाळूचे साचे भरायचे. मी आत, दाराच्या आड, चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"ह्या इंग्लिश मीडियमच्या पोरी," काका पुढे म्हणाले, "पट्टीवर शून्य कुठनं सुरू हुतंय ते तरी बघत्यात काय?"

"गप ए. हात हलका हाय तिचा. दुसऱ्यांदा बरोबर कापंल," पप्पा म्हणाले.

मी ट्रे नेऊन ठेवला. काकांनी विचारलं, "काय गं बाळ, रागावलीस काय?" मी मान हलवली. "बोलत न्हाय बघ तुझी पोरगी." पप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, "बोलती की. आतल्या आत बोलती."

टेबलावर पप्पा हौसेनं करत असलेल्या छोट्या विमानाचा उजवा पंख होता. त्याच्या फासळ्यांवर मी सकाळी बाल्साच्या पातळ लाकडाची शीट बसवायला घेतली, तर टोकाशी ती अपुरी पडली. शेवटची फासळी उघडीच राहिली. चूक माझीच असणार असं मी धरून चालले. मी नेहमीच तसं धरते. भांडं कुणीही पाडलं तरी 'सॉरी' माझ्याच तोंडून निघतं.

जाताना काकांनी खरं काम सांगितलं. "सोमवारी ये कारखान्यात. पंपाचं पॅटर्न मशीनवर करून आणलंय. मालक म्हणत्यात, तू मापून बघितल्याबिगर भट्टी लावायची न्हाय."

पप्पा बशी खाली ठेवून ताठ बसले. निवृत्त झाल्यापासून त्यांना असं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

विमानाचा नाद त्यांना निवृत्तीनंतरच लागला. माझ्या फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी सुरी घासायला बसले. पहिलं विमान त्यांनी पतंगाच्या कागदानं मढवलं होतं. फासळ्यांवर ताणून बसवलेल्या त्या कागदातून ऊन आरपार यायचं. मला ते फार आवडायचं. गडमुडशिंगीच्या आत्याच्या शेतात ते उडवलं, तेव्हा उतरताना उसाच्या खोडक्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. घरी येताना पप्पा म्हणाले, "कागद हे आपलं काम न्हाय. आपण लाकडातली माणसं." म्हणून हे दुसरं विमान सगळं लाकडानं मढवायचं ठरलं.

बाल्सा हातात घेतला तर काही घेतल्यासारखं वाटतच नाही. शीटला एका बाजूनं ओल्या फडक्यानं पुसायचं, मग ती आपोआप वळते आणि पंखाच्या गोल कडेवर बसते. गोंद लावायचा, टाचण्या टोचायच्या आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. हे काम मला जमतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. पप्पा शेजारी बसतात. आम्ही तासभर एक शब्दही बोलत नाही आणि त्या तासाभरात मी कुणाला शिष्ट वाटत नाही.

काका गेले, पप्पा जेवून आडवे झाले. मी दुसरी शीट घेतली. माझ्या पट्टीच्या शून्यावर टाचणी ठेवून बरोबर साठ सेंटिमीटर मापलं, दोनदा तपासलं आणि कापलं. पंखावर ठेवली. पुन्हा तेवढीच कमी.

मग मी पंखच मापला. सहाशे सहा मिलिमीटर. गेल्या आठवड्यात पुरा झालेला डावा पंख कपाटावरून काढून मापला. सहाशे. दोन्ही पंख अजून जोडलेले नव्हते, वेगवेगळे ठेवलेले होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पप्पांच्या हत्यारांच्या पेटीत एकाच कापडी म्यानात दोन स्टीलच्या पट्ट्या असतात. एक साधी. दुसरी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कामासाठी लागणारी. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून त्याचा लाकडी पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून त्या पट्टीवरचे सेंटिमीटरच किंचित मोठे असतात, मीटरला एक सेंटिमीटर जास्त. साठला सहा मिलिमीटर. लहानपणी पप्पांनी मला दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या होत्या. दिसायला अगदी सारख्या. फरक एवढाच की बिडाच्या पट्टीच्या कोपऱ्यात आकसण्याचं प्रमाण सांगणारे बारीक आकडे कोरलेले आहेत.

चाळीस वर्षं त्यांनी ते आकडे न चुकता वाचले.

मी दोन्ही पट्ट्या मांडीवर घेऊन बसले आणि मला एकेक गोष्ट आठवू लागली. पप्पा मला रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावतात. फोनवर आलेले मेसेजही. "तुझा आवाज तरी कानावर पडतो," म्हणतात. मला वाटायचं, माझी भीड चेपावी म्हणून ते असं करतात. परवा शर्टाचं बटण मम्मीकडे देताना म्हणाले होते, "सुई आजकाल लईच बारीक करत्यात." आम्ही दोघी हसलो होतो.

सरळ उपाय हातात होता. सहा मिलिमीटर जास्त धरून तिसरी शीट कापायची, किंवा पंखाचं टोक पॉलिश पेपरनं घासून काढायचं. विमान उडालं असतं. गप्प बसणं मला कुणी शिकवायला नको. पण सोमवारी ते हीच पेटी घेऊन कारखान्यात जाणार होते. तिथे हात चुकीच्या पट्टीवर पडला असता आणि त्यांच्या शब्दावर भट्टी पेटली असती. ज्या माणसांनी त्यांचं माप कधी पुन्हा तपासलं नाही, त्यांच्यासमोर ते उभे राहिले असते. ते मला दिसायला लागलं आणि मी पंख तसाच ठेवला.

चारच्या सुमाराला पप्पा उठून बाहेर आले. खुर्चीत बसले आणि पंख हातात घेतला. बघितलं नाही, अंगठ्यानं चाचपलं. अंगठा शीटच्या कडेवरून घसरून उघड्या फासळीवर थांबला.

"परत कमी पडली व्हय?" ते म्हणाले. आवाजात जराही राग नव्हता. "असू दे. तुकडा जोडू. पॉलिश पेपर मारला की कुणाला कळत पण न्हाय."

मी म्हटलं, "पप्पा..." आणि अडकले. ते थांबले. माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघायला घरात तेच एकटे थांबतात. मी दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या उजेडाकडे धरल्या, लांब नेल्या, जवळ आणल्या. मग दोन्हींची टोकं जुळवून दुसऱ्या टोकाकडून नख फिरवलं. नख एका जागी अडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पट्ट्यांकडेच बघत राहिले. आत मम्मीचा मिक्सर चालू होता. तो बंद होईपर्यंत मी थांबले, कारण मला हे दोनदा म्हणता आलं नसतं.

"पप्पा, शीट कमी पडली नाही. उजवा पंख बिडाच्या पट्टीनं झालाय. सोमवारी मी येते तुमच्याबरोबर. आकडे मी बघते, बाकी सगळं तुम्ही बघा."