आओरा बेंगो, म्हणजे आत्ता येते

परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची बस लागली, तेव्हा मी सामानाची यादी पुन्हा तपासत होते. काळं तिखट, शेंगाची चटणी, पासपोर्ट, यांच्या बीपीच्या गोळ्या, सगळ्यावर टिक. बस हलली तशी मी खिडकीतून ओरडले, "जाते गं माय!" माय गर्दीतून पुढं आली, खिडकीचा गज धरून म्हणाली, "इतकी शिकलीस तरी कळंना व्हय? जाते म्हनू न्हाय. येते म्हन!" मी "येते" म्हणाले, तेव्हाच तिनं गज सोडला.

यांच्या नोकरीमुळं आम्ही स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला आलो. हे दिवसभर कामावर, आणि मी घराबाहेर पडले की मुकी. दुकानात बोट दाखवायचं, हसायचं, पिशवी उचलायची. तुमच्यातले जे बाहेर पडलेत, त्यांना हे हसणं माहीत असेल. पन्नाशीत असं मुकं राहणं मला जमणारं नव्हतं. मोबाइलवर साध्या घरांतले, बाजारांतले स्पॅनिश व्हिडिओ बघायला लागले. वेळापत्रकच आखलं: सोमवारी मेक्सिको, मंगळवारी कोलंबिया, बुधवारी पेरू, उरलेले वार स्पेन.

काय सांगू! मेक्सिकोतली एक बाई मक्याच्या पिठाचा उंडा तळहातावर थापत होती. तव्यावरच्या भाकरीच्या कडेनं तिचं बोट फिरलं, ते थेट आमच्या ईट गावच्या मावशीचं. तिथल्याच एका गावात घरोघर फटाके वळत बसलेले. म्हटलं, हे तर आमचं फटाक्यांचं तेरखेडाच! आणि मक्याचं एक कणीस, त्याला मेक्सिकोत एलोते, पेरूत चोक्लो, कोलंबियात मासोर्का. कुणी कुणाचा शब्द खोटा म्हणत नाही. आपल्या 'म्या'ला पुण्यात हसणारे आठवले, आणि इथं एक भाषा इतक्या अंगणांत राहून सगळ्यांची झालेली. मी बघतच राहिले.

सगळ्यात हरखले ते स्पेनच्या व्हिडिओनं. बाई घरातून निघताना म्हणाली, "आओरा बेंगो." आत्ता येते! म्हणजे हीसुद्धा माणसं 'जाते' म्हणत नाहीत!

खालच्या मजल्यावर पिलार राहतात. सत्तरीच्या, एकट्या. या शहरात मला नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी कॉफीला बोलावलं. निघताना मी ऐटीत म्हणाले, "आओरा बेंगो," आणि वर येऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानंतरही नाही. होतं ते एक माणूस गेलं, या धास्तीनं मी तो व्हिडिओ परत लावला, या वेळी शेवटपर्यंत. ती बाई पाव घेऊन लगेच परतली होती. इथं 'आत्ता येते' म्हणजे खरंच आत्ता. मी पहिल्या वाक्यावरच टिक करून पुढं गेले होते.

तशीच खाली गेले आणि स्पॅनिश शब्द जुळवत, 'येते' मात्र मराठीतच ठेवून सांगितलं, "आमच्या गावात जाणारी बाई 'येते' म्हणते. आई शिकवते."

"मी दार उघडं ठेवलं होतं," पिलार म्हणाल्या. "नवी कॉफी केली. ती गार झाली, मग मी गरम झाले!" मग त्यांनाच हसू फुटलं. कॉफी ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण तुमच्याकडे मग कळतं कसं, बाई नक्की कधी येणार ते?"

मी कॉफी संपवून वर आले, या वेळी 'आओरा बेंगो' न म्हणता.

मायला फोनवर ही गंमत सांगितली. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "मग तिचं काय चुकलं? येते म्हनलं की मानूस वाट बघतंच. म्या काय येगळं करतीय?"

मी त्याच आठवड्यात तिकीट काढलं. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता मला सांगता येतं: आपलं 'येते' जिथं कुणी खरं धरून बसतं, ते घर. एकच असावं असं काही नाही.

काल पिलारना सांगायला गेले. चूक नको म्हणून या वेळी नीट वाक्य पाठ केलं होतं: बोय आ मी पुएब्लो, माझ्या गावी जाते. बोय म्हणजे जाते.

त्यांनी दाराची चौकट धरली.

"बोय नाही," म्हणाल्या. मग मी शिकवलेला शब्द सावकाश जुळवत, "ये-ते."