बरणीतला वास

लालबागमध्ये माणसं काही ना काही कारणाने ओळखली जातात. कुणी आवाजाने, कुणी मंडळातल्या पदाने, कुणी भांडकुदळपणाने. कुंदा तुळसकर ओळखली जायची नाकाने. ते दिसायला काही खास नव्हतं, थोडं बसकंच होतं. पण दूध नासायच्या आधी तिला कळायचं, आणि वरच्या मजल्यावर कुणाचा गॅस किंचित उघडा राहिला तर ही खालून हाका मारायची. "सगळ्यांत नाक खुपसता ही," असं तिची सासू म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं.

नवरा गेल्यावर कुंदा मसाल्याच्या गल्लीत एका दुकानात कामाला लागली. एप्रिल-मेमध्ये बायका वर्षाचा मसाला करून घ्यायला येत, तेव्हा ती गोणीत हात घालून मूठभर मिरच्या नाकाशी नेई आणि सांगे, "ही नको, हिला ओल लागलीय." मालक कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाइकासमोर स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारी बाई कुठल्या दुकानदाराला आवडेल? पण गिऱ्हाइकं तिच्यासाठीच परत यायची, म्हणून तो गिळून गप्प बसायचा.

माटुंग्याची ऋता अशीच आईबरोबर मसाल्याला आली होती. ती एका मोटार कंपनीत संशोधन करायची. कंपनीची प्रयोगशाळा लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. गिरण्यांच्या जागी मॉल आले, बार आले, काचेचे मनोरे आले. त्यात एक प्रयोगशाळाही आली, एवढ्यावर आपण समाधान मानायचं. ऋताने कुंदाला मिरचीची गोणी नाकारताना पाहिलं आणि विचारलं, "ताई, आमच्याकडे वास घ्यायला याल का?"

कुंदाला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण खरंच, मोटार कंपन्यांना वास घेणारी माणसं लागतात. गाडीच्या आतलं प्लास्टिक, फोम, गोंद उन्हात तापलं की वास सोडतं, आणि त्या वासाने माणसाला मळमळतं. म्हणून नव्या मालाचा तुकडा काचेच्या बरणीत घालून भट्टीत तापवायचा, झाकण जरासं उघडायचं, वास घ्यायचा आणि आकडा लिहायचा. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. वास मोजणारी यंत्रं होती त्यांच्याकडे, पण यंत्राला किळस येत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

बरणीच्या दिवशी पाळायचे नियम कडक होते. अत्तर नाही, पावडर नाही, केसांना तेल नाही. आदल्या दिवसापासून लसूण बंद. कुंदाने केसांत माळायचा अबोलीचा वळेसर सोडला आणि बांगडे शनिवारवर ढकलले. चाळीतल्या बायका म्हणाल्या, "उपास कोणाचा गं?" ती ऐटीत म्हणाली, "मोटारीचा." मनातून तिला फार बरं वाटत होतं. ज्या नाकाबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली, त्याला आता गाडी पाठवून बोलवत होते.

वास घेणाऱ्यांत बहुतेक कंपनीतलीच माणसं होती. त्यांतला विकास डिलाईल रोडचा, कंपनीत इलेक्ट्रिशियन. तो तिला मावशी म्हणायचा आणि बरणी उघडायच्या आधी रोज विचारायचा, "मावशी, आज काय, कोळंबी का?" बरणीत काय आहे हे कुणालाच सांगत नसत. नाव कळलं की नाक आधीच मत बनवतं, असं ऋताचं म्हणणं.

त्या दिवशी एक नवी बरणी आली. विकासने झाकण उचललं, आणि उचललं तसं दाबलं. "बाप रे! गटार भरलंय काय यात?" म्हणून तो पोरगा खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाकीच्यांनीही तोंडं वाकडी केली. सगळ्यांचे आकडे पाच, एकाचा तर सहा.

कुंदाने झाकण उचललं आणि तिला ते खाली ठेवावंसंच वाटेना. तिने लिहिलं, दोन. शेरा लिहायच्या जागी लिहिलं, चांगला.

ऋता कागद बघून गोंधळली. एखादं नाक बाकीच्यांपासून इतकं लांब गेलं तर पुन्हा चाचणी घ्यायची, आणि पुन्हा तसंच झालं तर ते नाक यादीतून काढायचं, असा नियम होता. तिने तो कुंदाला नीट समजावून सांगितला, जरा ओशाळूनच. दुसऱ्या चाचणीला आठवडा होता. आणि कुंदाला उत्तर माहीत होतं. पाच लिहिलं की झालं, जागा राहिली. विकासने तर जिन्यात कानमंत्रही दिला, "मावशी, पाच मारून मोकळी हो ना. कशाला लोचा?"

आठवड्याने तिने झाकण उघडलं. डोळे उघडे होते, तरी तिला खाडी दिसली. वेंगुर्ल्याकडची, तिच्या माहेरची. नारळाची सोडणं महिनोन्महिने चिखलात पुरून कुजत घालायची, मग काढून दांड्याने बडवायची, की काथ्याचे धागे सुटतात. कुंदाची आई जन्मभर तेच करत होती. तो कुजका वास तिच्या लुगड्याला, केसांना, हातांच्या रेषांना होता. कुंदाला तो वास आहे हेच लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. तिच्यासाठी आई अशीच असते.

लग्नानंतर आई पहिल्यांदा चाळीत आली, सोलं आणि फणसपोळी घेऊन. शेजारणींनी पदर नाकाला लावले. सासू कुंदाला आत नेऊन म्हणाली, "तुझ्या आवशीक सांग, न्हावन ये म्हणान." आईने ते ऐकलं. पुढच्या खेपेला ती आली ती अंगभर पावडर फासून, आणि एक रात्र राहून निघून गेली.

कुंदाने कागदावर आकडा लिहिलाच नाही. ती ऋताच्या टेबलाशी गेली.

"ह्यात काथ्या आहे ना?"

नियम मोडायचा की नाही, असा क्षणभर विचार करून ऋता म्हणाली, "हो. पण तुम्हाला कसं कळलं?"

"आईचा वास आहे तो माझ्या. मला ह्या बरणीला लावू नकोस. माझं नाक तिच्या बाजूचं आहे. पाच लिहिलं तर खोटं, दोन लिहिलं तर तुझा हिशोब चुकणार."

ऋताने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. दारांच्या आतल्या बाजूला बसवायला ती काथ्याचे तक्ते बनवत होती. प्लास्टिकपेक्षा हलके. विजेवरची गाडी जितकी हलकी, तितकी एका चार्जिंगमध्ये लांब जाते. शेजारच्या दालनातले बॅटरीवाले बॅटरी सुधारत होते, ही त्याच बॅटरीवरचं ओझं कमी करत होती. सगळं जमलं होतं, फक्त वास जात नव्हता. तो गेला नाही तर तक्ता कंपनी स्वीकारणार नव्हती.

मग ऋताच्या डोक्यात एक कल्पना आली. "कुंदाताई, तुमचा आकडा मी धरणारच नाही. तुम्ही एवढंच सांगायचं, ओळख लागते का. बाकीच्यांची नाकं थकतील, सवयीची होतील. तुम्ही हा वास कुठेही ओळखाल. तुम्हाला येईनासा झाला, की तो गेला."

कुंदा हो म्हणाली. आपण कशाला हो म्हटलं, ते तिला घरी गेल्यावर कळलं.

तिची आई गेली तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती. पोचली तोवर दिवसकार्य चाललेलं, भावाने आईची लुगडी वाटून टाकलेली, घर फिनेलने पुसून काढलेलं. कुंदा खोल्याखोल्यांतून हुंगत फिरली आणि तिला कुठेच आई सापडली नाही. रडूही आलं नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, मुंबैकर झाली. आता भावाने तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, सोडणं ट्रकमधून कारखान्यात जातात, खाडीत कुणी काही पुरत नाही. तो वास जगात तिच्यासाठी एका बरणीत उरला होता, आणि तो घालवायच्या कामाला तिने हात लावला होता.

ऋता काथ्या वेगवेगळ्या तऱ्हेने धूत होती, वाफवत होती, पुन्हा तक्ते बनवत होती. एकदा तापवलेला तुकडा पुन्हा वापरत नसत, त्यामुळे प्रत्येक खेपेला नवी बरणी आणि आधीपेक्षा थोडी कमी आई. कुंदा झाकण उचलायची आणि म्हणायची, "आहे." ऋता मान हलवून पुन्हा धुवायला जायची.

पावसाळा सरता सरता एक बरणी आली. विकासने हुंगली आणि म्हणाला, "हे एकदम ओके. नवीन चटईसारखं." त्याने दोन लिहिले. बाकीच्यांचेही दोनच. ऋताचा चेहरा फुलला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची बैठक होती. सगळे कुंदाकडे बघायला लागले.

कुंदाने झाकण उचललं. चटईच्या वासाच्या मागे, अगदी मागे, आई होती. एवढीशी. दाराआड उभी असल्यासारखी.

वास नाही म्हटलं की काम संपलं असतं. ऋता खूश, कंपनी खूश. आणि तक्ता असाच बनत राहिला असता, शेकडो गाड्यांच्या दारांत. रस्त्याने जाताना एखाद्या उघड्या दारातून कधीतरी वास आला असता, एकट्या कुंदाला. कुणाचं काय बिघडणार होतं? तिला फार मोह झाला. मोह कुणाला होत नाही? तिने झाकण दुसऱ्यांदा उचललं, तिसऱ्यांदा उचललं.

मग तिला मे महिना आठवला. उन्हात तापलेली बंद गाडी, आत एवढासा वास फुगून केवढा होणार. कुणीतरी दार उघडणार आणि पदर नाकाला लावणार. म्हणणार, शी, काय घाण येतेय. चाळीत एकदा ऐकलं ते पुरे होतं. आपल्या आईला आता पुन्हा कुणी नाक मुरडलेलं तिला चालणार नव्हतं.

"आहे अजून," ती म्हणाली.

विकासने कपाळावर हात मारला. ऋताने सगळ्यांचे कागद गोळा केले. मग म्हणाली, "ठीक आहे. बैठक पुढे ढकलते." आणि बरणी घेऊन आत गेली.

दिवाळी झाल्यावर पुढची बरणी आली. कुंदाने झाकण उचललं, थांबली, पुन्हा उचललं. बाहेर जाऊन तोंड धुतलं, पाणी प्यायली, आली, पुन्हा उचललं. काच होती, ऊब होती, बाकी काही नव्हतं. फिनेलने पुसलेल्या घरासारखं.

"नाही," ती म्हणाली. "गेला."

ऋताने आनंदाने टाळी वाजवली आणि कुंदाचा चेहरा बघून तिचे हात तसेच राहिले. कुंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, ती पदराने पुसत होती आणि ते थांबत नव्हतं.

"काय झालं, ताई?"

"आई गेली तेवा रडू इला नाय माका," कुंदा म्हणाली. "आता येतंय."

विकासने कधी नव्हे ते चेष्टा न करता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्या दिवशीच्या अजून कितीतरी बरण्या भट्टीत तापत होत्या, आणि रडून चोंदलेल्या नाकाने वास घेता येत नाही. ऋताने भट्टी बंद केली, स्टूल ओढलं आणि कुंदाच्या शेजारी बसली. "कशा होत्या आई?" तिने विचारलं, आणि कुंदा सांगायला लागली.