चांगली बातमी

गोदीतली ती क्रेनवाली कामावर पाणी म्हणून प्यायची नाही. बावन्न पायऱ्यांची उभी शिडी उतरायची, संडास गाठायचा, पुन्हा चढायचं. तोवर खाली माल अडलेला आणि मुकादम शिव्या घालतोय. त्यापेक्षा घसा कोरडा बरा. सगळे तिला उंटीण म्हणायचे आणि ही बया त्यावरच खूश! लघवीला आग झाली की मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या घ्यायची. आग थांबली की बाकीच्या पुन्हा डब्यात.

एक दिवस लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं, तर आत पिवळट, मऊ गाठीच गाठी. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. एक तुकडा तपासायला गेला आणि आठ दिवस घरात कुणाला घास गोड लागेना.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता.

"वारंवार जंतुसंसर्ग झाला की क्वचित कुणाला असं होतं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "शरीरातल्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. मग तेच साठून गाठी होतात. सहा महिने गोळ्या आणि भरपूर पाणी. मध्येच सोडायचं नाही हं!"

पण कॅन्सर नाही म्हटल्यावर पुढचं ऐकतंय कोण? नवऱ्याने दवाखान्याचा जिना उतरता उतरताच तिच्या भावाला, आपल्या बहिणीला, सगळ्यांना फोन लावले.

तीन आठवडे तिने गोळ्या घेतल्या.

"अहो, फार मळमळतं. आणि पाणी प्यायलं की सारखं खाली उतरावं लागतं."

"आग होते का अजून?"

"नाही."

"मग कशाला उगाच त्या गोळ्या गिळतेस? कॅन्सर थोडाच आहे!"

तिलाही हेच ऐकायचं होतं. राग येतो तो इथे, आणि तो दोघांचाही येतो.

सात महिन्यांनी तिचे पाय सुजले. वाढलेल्या गाठींनी मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्यांची तोंडं बुजवली होती. मूत्रपिंडं कामातून गेली, ती गेलीच. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. क्रेनवर दुसरी आली.

परवा हाताला सुया टोचलेल्या असताना तिने नवऱ्याला विचारलं, "कॅन्सर असता, तर सोडू दिल्या असत्या का हो मला गोळ्या?"

"नाही," तो म्हणाला. "उशाशी बसून एकेक भरवली असती."