पऱ्यांच्या दरबारातला खरा कैदी

"काकांना अ‍ॅक्टिंगची गरजच नाही. ते खरंच जेल बघून आलेत."

आमचा मॅनेजर हे माइकवर बोलला. आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये. ठाण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा. नोकरी मागताना मी त्याला एकट्याला विश्वासाने सांगितलं होतं.

दुबईतला व्हिला, जानेवारीतली दुपार, शेठच्या मुलीचा वाढदिवस. पाहुणे पाठीला पंख लावून बसलेले. पऱ्यांचा दरबार म्हणे, मुलगी त्याची राणी. स्टेज उभारणारे आम्ही तिघे, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून कैदी. राणीची परीक्षा अशी, की लाइटच्या तीस फुटी लोखंडी सांगाड्यावर चढायचं आणि वरचा मुकुट काढून आणायचा. जिंकेल त्याची सुटका.

सेफ्टी बेल्ट नाही. फोटोत वाईट दिसतो.

सिंहासनावरून मुलीने बापाला विचारलं, "इज ही अ रिअल बॅड गाय?"

बाप हसला. टाळ्या पडल्या.

मी मान खाली घातली. सवयच होती. कारण मी निर्दोष नाही. शारजात परांची तपासून हिरवं कार्ड लावायचं काम माझं होतं. कार्ड असेल तरच माणूस वर चढतो. त्या दिवशी सुपरवायझर यल्ला यल्ला, लवकर लवकर करत होता. मी वर गेलोच नाही. खालूनच बघितलं, कार्ड लावलं. एक फळी बांधलेली नव्हती. दापोलीचा बाळू, माझा रूममेट, कार्ड बघून चढला आणि पडला. खलास. गावात मी सांगितलं, सुपरवायझरने जबरदस्ती केली. खोटं. त्याने घाई केली, कार्ड मी लावलं. जेल झाली ती कमीच.

म्हणून वाटायचं, आपल्याला कोणी काहीही बोलावं.

चढायला लागलो. दहा फुटांवर सांगाडा हलला. खालून आमच्या तिघांतला रत्नागिरीचा सलीम येत होता. थांबून त्याने वर बघितलं.

"चाचा, येऊ ना?"

बाळूसारखं पुन्हा माझ्याच भरवशावर चढत होतं कोणीतरी.

"उतर," म्हटलं. मीही उतरलो. माइक मागितला, दिला नाही. तसाच बोललो, "माझ्या चुकीने एक माणूस मेलाय. बेल्टशिवाय आता कोणी चढणार नाही."

मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." पट्ट्यांचा शर्ट काढून त्याच्या हातात दिला आणि बनियनवर गेटबाहेर पडलो.

काल अल कुसैसमधल्या माझ्या खोलीतून बाळूच्या बायकोला फोन केला. कार्ड मी लावलं, सांगितलं. तिने फोन ठेवला. ठेवू दे. माफीसाठी केलाच नव्हता.

मला शिक्षा द्यायचा हक्क तिला आहे. पंख लावून बसलेल्यांना नाही. त्यांच्यापुढे मान खाली जाणार नाही.