मामाच्या खिशातलं माउथपीस

मला ओळखणारे पुष्कळ आहेत, माझ्या मामाला कोणीच ओळखत नाही. हा दोष माझा. म्हणून हे लिहितोय, तेही फार उशिरा.

मामा वाद्यं दुरुस्त करायचा. चपलांच्या दुकानाशेजारी त्याची चिंचोळी खोली होती. खिडकीशी बाक आणि बाकावर लहानमोठ्या कानशी ओळीने मांडलेल्या. त्यांना हात लावला तर तो सख्ख्या बहिणीवर, म्हणजे माझ्या आईवरही खेकसायचा. स्वतःला मात्र एक सूर धड वाजवता येत नसे.

एकोणतिसाव्या वर्षी मी जिन्यावरून पडलो आणि वरचे पुढचे चार दात गेले. तोवर शहरात माझ्याइतकं भरभर जॅझ वाजवणारं कोणी नव्हतं, निदान माझं तसं ठाम मत होतं. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर टेकवावे लागतात. माझी कवळी टेकवली की हलायची आणि सूर किंचाळायचा. शनिवारी मोठा कार्यक्रम होता. मला जमलं नाही तर म्हणून बँडच्या मालकाने दुसरा वादक बघूनच ठेवला होता. मी मामाच्या दुकानात जाऊन चक्क रडलो.

"रडून झालं की ते माउथपीस दे इकडे," मामा म्हणाला.

तोंड कमी उघडावं लागावं म्हणून त्याने माउथपीसची पाठ तासली. कवळी घसरू नये म्हणून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. आणि टोक साफ करताना, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, त्याची कानस घसरली. जिथून फुंक आत जाते ती टोकाची फट रुंद झाली.

"वाट लावली रे मी," तो पांढराफटक पडून म्हणाला. दुसरं करायला वेळ नव्हता.

शनिवारी तेच लावलं. फट रुंद, त्यामुळे दम दुप्पट लागायचा. आधी नुसती हवा ऐकू यायची, मग सूर. भरभर वाजवणं शक्यच नव्हतं. दोन सूर वाजवायचे, थांबायचं, श्वास घ्यायचा. सभागृह चिडीचूप. मला वाटलं, आटोपला कारभार. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

सुरांमधल्या त्या थांबण्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. रेकॉर्ड निघाल्या, देशोदेशी फिरलो. समीक्षकांनी लिहिलं, याला शांततेचं मर्म कळलंय. अहो, मला धाप लागली होती! पण मुलाखतींत मी गंभीर चेहरा करून एकांत, चिंतन वगैरे सांगत राहिलो. मामाने एकदाही माझं पितळ उघडं पाडलं नाही. शहरातल्या प्रत्येक कार्यक्रमाला तो कोट घालून, एक हात खिशात ठेवून पहिल्या रांगेत बसायचा. मी समजायचो, भाच्याचं कौतुक.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी त्याला घरी बसवलं. कार्यक्रमाआधी भेटायला गेलो, तर त्याने कोट मागितला आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत माउथपीस होतं. तशीच तासलेली पाठ, तसाच रबराचा तुकडा, फट मात्र बिनचूक.

"हे कधी केलंस?"

"त्या शनिवारनंतरच्या सोमवारी. तुझं ते बिघडलेलं कधी दगा देईल याचा काय नेम? म्हणून दर वेळी घेऊन बसायचो. आता यायला जमायचं नाही. तूच ठेव जवळ."

"मग सोमवारीच का दिलं नाहीस?"

"दिलं असतं तर पुन्हा भरभर वाजवत सुटला असतास."

एकतीस वर्षं हा माणूस माझं वाजवणं जीव मुठीत धरून ऐकत होता. मी त्याच्या पायांशी बसून राहिलो. आभार मानायचे होते, पण मी नुसती पुरचुंडी पुन्हा बांधून खिशात टाकली.

ते संध्याकाळी मंचावर मानले. कानस कशी घसरली इथपासून सगळं सांगितलं, पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची दाखवली, म्हणालो, माझं जे काही आहे ते या माणसाचं आहे. मग बिघडलेलंच माउथपीस लावलं. नीट असलेलं खिशात होतं.

सकाळी मामाचा फोन आला.

"कानस घसरली हे चारचौघांत कशाला सांगितलंस? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "चुकलो मामा."