सदर इसमाशी आमचा संबंध नाही

"फोटो लावायचा का?" मी फोनवर विचारलं.

"लावा ना. लोकांना चेहरा कळायला पाहिजे," शेठ म्हणाले. "आणि भाषा कडक ठेवा. उद्याच्या अंकात, धुळे पानावर, चौकटीत."

शेठ म्हणजे आमच्या दैनिकाचे मालक. ते जळगावला मुख्य कार्यालयात बसत, मी धुळ्याला ब्युरो चीफ. ब्युरो चीफ ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक बंद पडलेला कूलर आणि गावोगावचे स्ट्रिंगर, म्हणजे अर्धवेळ बातमीदार. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि मला कसलीही भानगड नको होती, हे आधीच सांगून टाकतो.

जी चौकट लिहायची होती तिला आमच्यात 'जाहीर खुलासा' म्हणतात. बातमीदार अडचणीत आला की पेपर त्याचा फोटो छापतो. खाली मजकूर असतो, 'सदर इसमाशी आमचा काहीही संबंध नाही. त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास दैनिक जबाबदार राहणार नाही.' असे खुलासे मी नोकरीत दहा-बारा तरी लिहिले असतील. मजकूर पाठ होता, नाव तेवढं बदलायचं. या वेळचं नाव हिरालाल.

हिरालाल आमचा नरडाण्याकडचा स्ट्रिंगर. पंचेचाळिशीचा माणूस, झेरॉक्सचं दुकान, चौदा वर्षं आमच्यासाठी बातम्या देत होता. स्ट्रिंगरला पगार नसतो, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. त्याला मिळतं एक ओळखपत्र आणि आणलेल्या जाहिरातीवर कमिशन. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात जाहिरात मागायला उभं राहायचं. ही पद्धत ज्यानं काढली त्या महापुरुषाला मला एकदा भेटायचंय.

झालं होतं असं. एका कारखान्यामागच्या वस्तीत विहिरीचं पाणी पिवळं यायला लागलं. हिरालाल तीनदा तिथं जाऊन आला. बायांशी बोलला, सरपंचाशी बोलला, कारखान्याचं म्हणणंही घेतलं. काचेच्या बाटलीत पाणी भरून फोटो काढला. बातमी एक नंबर होती, मी ती ठळक लावली. चार दिवसांनी आमच्या वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट आलं. टार्गेट म्हणजे कोणत्या स्ट्रिंगरनं कोणाकडून जाहिरात आणायची त्याची यादी. जळगावहून आलेली यादी मी न वाचताच व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पुढे ढकलली. हिरालालच्या नावापुढे पहिलाच तो कारखाना.

त्याचा लगेच फोन. "भाऊ, चार दिन पहिले त्यासनी बातमी लायी ना आपन. आते जाहिरात कशी मांगू?"

"अरे, बातमी वेगळी, जाहिरात वेगळी. जा तू."

"पन भाऊ, बरं दिखत नही ते."

"हिरालाल, टार्गेट आहे. डोकं खाऊ नको."

तो बिचारा गेला. मॅनेजरनं चहा पाजला, गोड गोड बोलला आणि सगळं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी पोलिसात तक्रार. पत्रकारानं आधी बदनामी केली, मग गप्प बसण्यासाठी जाहिरात मागितली, ही खंडणी आहे. रेकॉर्डिंगमधला आवाज हिरालालचाच होता. त्याला पाठवलं कोणी, एवढंच त्यात नव्हतं.

दोन दिवस कोठडीत राहून तो जामिनावर सुटला. सुटल्यावर त्यानं मला अकरा वेळा फोन केला. मी एकदाही उचलला नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. खुलासा मात्र मी वीस मिनिटांत लिहून दिला.

तो छापून आला त्याच दिवशी सकाळी मला एक मुलाखत घ्यायची होती. आमच्या गल्ली नंबर चारमध्ये कापडाचे व्यापारी कांतिलालशेठ राहतात. मूळ राजस्थानचे, पण चार पिढ्या धुळ्यात. त्यांची मुलगी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला दिलेली. तिच्या सासूबाई, सरलाबेन, लग्नकार्यासाठी आल्या होत्या. वय ब्याऐंशी. त्या काळी तिथल्या वर्णभेदी सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकार. आमच्या शेठनी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं, "मोठी घ्या. असा माणूस खान्देशात परत कधी येणार?"

मी गेलो तेव्हा बाई झोपाळ्यावर बसून आमचाच पेपर चाळत होत्या. गुजराती बोलायच्या, मध्येच हिंदी. खान्देशातल्या माणसाला त्याची काही अडचण नाही. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. चौकटीतल्या फोटोवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आ भाई गुजरी गया?"

आपल्याकडे पेपरात चौकटीतला फोटो म्हणजे श्रद्धांजलीच, हे त्यांना चार दिवसांत कळलं होतं. मी म्हटलं, "नाही, जिवंत आहे. आमचा बातमीदार होता."

"मग फोटो का?"

आता काय सांगणार? सांगितलं थोडं, मग सगळंच सांगितलं. मग माझी मुलाखत सुरू झाली.

त्यांच्यावर सरकारनं पाच वर्षांसाठी बंदीहुकूम काढला होता. हा प्रकार मला नीट माहीत नव्हता. तुरुंगात टाकत नाहीत. घरीच राहायचं. पण एका वेळी एकाहून जास्त माणसांना भेटायचं नाही, आणि तुमच्या तोंडचं एक वाक्यही कुठल्या पेपरानं छापायचं नाही. छापलं तर संपादक आत.

"तुमच्या संपादकांनी काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? त्याच दिवशी टेबल रिकामं करायला सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हता."

"राग आला असेल."

"नाही आला. छापलं असतं तर त्याला जेल होती. पोरं लहान होती त्याची." त्यांनी पेपरची घडी केली. "तमारा शेठने शुं थात? तुमच्या शेठचं काय झालं असतं, याला नसतं झटकलं तर?"

मी म्हटलं, "त्या कारखान्याची जाहिरात बंद झाली असती."

"बस?"

"बस."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "वर्णभेद गेला, आमचं राज्य आलं तेव्हा वाटलं, आता काय, सुटलो," त्या म्हणाल्या. "मग आपल्याच माणसांविरुद्ध लिहायची वेळ आली. ज्यांच्याबरोबर मोर्चे काढले ते बोलायचे बंद झाले. आता मला स्टेजवर बोलावतात, शाल घालतात, फोटो काढतात. मी थकले रे भाई." मी विचारलं, त्या पाच वर्षांत लढत कशा राहिलात? त्या म्हणाल्या, "क्यां लढी? शिवणकाम केलं. ब्लाउज शिवले. घाबरले होते मी."

दुपारी मी मुलाखत लिहून जळगावला पाठवली. अर्ध्या तासात शेठचा फोन. "वा, नाना, वा! आठ कॉलम लावतोय. वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हणजे काय, हे लोकांना कळलंच पाहिजे." हेडिंग त्यांनीच दिलं, 'मुस्कटदाबी सोसली, पण लेखणी झुकली नाही'. ब्लाउज शिवल्याचं वाक्य त्यांनी काढून टाकलं. दूरच्या देशातलं स्वातंत्र्य छापायला आपल्याकडे कोणाची ना नसते.

मी त्याच फोनवर म्हणालो, "शेठ, हिरालालबद्दल चार ओळी लावायच्या का? तो ऑफिसच्या सांगण्यावरून गेला होता म्हणून?"

"नाना, आठ महिने राहिलेत ना तुमचे? सुखानं काढा."

फोन ठेवला आणि मला स्वतःचीच किळस आली. करून सवरून नामानिराळा राहिलेला माणूस मी आयुष्यभर बातम्यांत पाहिला होता. तो आता ब्युरो चीफच्या खुर्चीत बसला होता. मी उठलो, स्टँडवर गेलो आणि मिळेल त्या एसटीनं नरडाण्याला निघालो. सोनगीर मागे पडेपर्यंत परत फिरायचा विचार तीन-चार वेळा आला, खोटं कशाला बोलू?

हिरालालचं दुकान अर्ध्या शटरवर होतं. मला बघून तो उठला. चौदा वर्षांच्या सवयीनं खुर्ची पुसली.

"शिव्या दे," मी म्हटलं.

"शिव्या दीसन काय व्हई, भाऊ?" तो म्हणाला. "पोरगीले शाळामा बठ्ठा ईचारतस, तुना बाप खंडणी मांगस का? मी तं तुमनाच माणूस शे ना?"

त्याला माझ्याकडून काय हवं होतं? एक कागद. त्याला जाहिरात मागायला ऑफिसनंच पाठवलं होतं, असं सांगणारा. यादी त्याच्याही मोबाइलमध्ये होती, पण ती पाठवणारानंच तोंड फिरवल्यावर तिला किंमत काय? त्याचा वकील तेच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. यादी मी पाठवली, तो बरं दिसत नाही म्हणत असताना मीच त्याला पाठवलं. यादीची प्रिंट जोडली, खाली हुद्द्यासह सही केली. जबाब घेणारा हवालदार म्हणाला, "साहेब, विचार करा. नोकरीत आहात." मी म्हटलं, "लिहा तुम्ही."

संध्याकाळी शेठचा फोन. आवाज चढलेला नव्हता. "उद्यापासून मुक्ताईनगर," एवढंच म्हणाले. तिथं आमचं ऑफिस म्हणजे एक टेबल, तेही दुसऱ्याच्या दुकानात. उरलेले आठ महिने मी तिथं काढले. निरोप समारंभ झाला नाही. बायको म्हणाली, शाल वाचली, कपाटात जागा नाहीच.

पोलिसांनी पुढे खंडणीचं कलम वगळलं. तक्रारीत कारखान्याच्या आवारात विनापरवानगी शिरल्याचंही होतं, ती किरकोळ केस तेवढी उरली, तिच्या तारखा अजून पडतात. कलम वगळल्याची बातमी मी मुक्ताईनगरहून पाठवली. छापली नाही. पुन्हा पाठवली. मग शेठनी निरोप दिला, "विषय मिटलाय, उकरू नका." खुलासा अडीच लाख हातांत गेला की अडीच हजार, देव जाणे. पण तो खोटा होता, हे छापील कुठंही आलं नाही.

मला अजूनही पत्रकारितेच्या कोर्सला बोलायला बोलावतात. पोरांना वाटतं मी लेखणी, लोकशाही वगैरे बोलेन. मी एवढंच सांगतो, ऑफिसनं जे सांगितलं ते कागदावर घ्या. सरलाबेनच्या देशात माणूस गप्प करायला सरकारला हुकूम काढावा लागला. आपल्याकडे 'हा आमचा नाही' एवढं म्हटलं की भागतं, आणि ते म्हणायला पोलीस नव्हे, माझ्यासारखा दमलेला माणूस पुरतो.

गेल्या उन्हाळ्यात त्या वस्तीतल्या बाया पुन्हा हिरालालच्या दुकानात आल्या. पाणी आता पिवळंच नाही, वासही मारतं. तो त्यांच्याबरोबर गेला. विहिरीत वाकून पाहिलं, बाटली भरली, फोटो काढला. मग मला फोन केला. मी म्हटलं, "अरे, मग लिही ना!"

"लिखू, भाऊ," तो म्हणाला. "पन कोना पेपरमा?"